वखारीचे ऋण

‘कॅम्प’ हा शब्दच मुळी उठण्यासाठी जन्मलेला. छावणी पडते ती एक दिवस उठायचीच. भिलाईचा कॅम्प-१ मात्र ह्या नियमास अपवाद ठरला. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत सरकारने सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार केला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. ह्या मधल्या चार वर्षांच्या धामधुमीत माती उपसणाऱ्या, विटा वाहणाऱ्या, लोखंड उचलणाऱ्या मजुरांच्या ज्या तात्पुरत्या वस्त्या येथे बसल्या, त्यांपैकी ही एक. कारखाना उभा राहिला पण माणसे गेली नाहीत. तेलुगू, ओडिया, बिहारी, पंजाबी, केरळी आणि भंडारा-गोंदियाकडची आपली माणसे त्या झोपड्यांच्या जागी भिंती घालून राहिली. त्यांची नातवंडे आज ‘आमचे गाव कॅम्प’ असे सांगतात.

उलट ज्या गोष्टी पक्क्या म्हणून बांधल्या गेल्या, त्यांतल्या कित्येक उठून गेल्या. दुर्गपासून रायपूरपर्यंतच्या ह्या पट्ट्यात साबणाच्या, औषधांच्या, रंगांच्या, विजेच्या सामानाच्या कंपन्यांनी घेतलेल्या वखारी अशाच. दगडी जोते, लोखंडी शटर, ट्रक मागे लावण्याचा धक्का, सारे कसे कायमचे. आणि तरीही एखाद्या महिनाअखेर शटर खाली येते ते पुन्हा वर जात नाही.

आमचे बहुतेक वाचक नोकरीच्या निमित्ताने मुलूख सोडून आलेले आहेत. वखार घेण्याचा किंवा सोडण्याचा कागद ज्यांच्या टेबलावरून जातो असेही त्यांत पुष्कळ आहेत. म्हणून एक प्रश्न त्यांच्यापुढे मांडावा असे आमच्या मनात आले. वखार बंद करण्याचा निर्णय सर्वस्वी कायदेशीर आहे, इतकेच नव्हे तर शहाणपणाचाही आहे, असे धरून चालू. तरीसुद्धा त्या वखारीच्या दारावर जे जगत होते त्यांचे आपण काही देणे लागतो काय?

आधी ह्या वखारी आल्या कशा, ते पाहिले पाहिजे. त्या मालाच्या गरजेपोटी जितक्या जन्मल्या तितक्याच नकाशावरच्या एका रेषेपोटी जन्मल्या. केंद्रीय विक्रीकराचा कायदा १९५६ चा. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल विकला की त्यावर हा कर बसे. परंतु कंपनीने स्वतःचाच माल स्वतःच्याच दुसऱ्या राज्यातील वखारीत हलवला, तर ती विक्री नव्हे, म्हणून कर नाही. साहजिकच प्रत्येक मोठ्या कंपनीने प्रत्येक राज्यात एक वखार ठेवली. १ नोव्हेंबर २००० रोजी मध्यप्रदेशातून छत्तीसगढ वेगळे झाले आणि एका रात्रीत रायपूरच्या वखारीला स्वतंत्र कारण मिळाले. राज्याची राजधानी जशी हवी, तशी कंपनीची वखारही हवी. कराचा दर आधी चार टक्के होता, तो २००७ मध्ये तीन व २००८ मध्ये दोन टक्क्यांवर आला. पण दोन टक्क्यांसाठीसुद्धा वखार परवडत होती.

मग १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. राज्याबाहेरची विक्री आणि राज्यातली विक्री ह्यांत कराच्या दृष्टीने अंतर उरले नाही. स्वतःच्या शाखेकडे माल हलवला तरी आता कर लागतो व पुढे वळता होतो. म्हणजे वखार राज्यात असण्याचे कारण संपले; ती रस्त्याच्या सोयीने असावी एवढेच उरले. लहान राज्यांतल्या लहान वखारी मोडून मोठ्या वखारीत मिळवणे हा देशभरच्या कंपन्यांचा तेव्हापासूनचा उद्योग आहे. ह्यात आपल्या नागपूरचे भलेच झाले. देशाच्या मध्यावरचे गाव, चारी दिशांचे हमरस्ते. येथला माल तेथे जाऊन साठला तर नवल नाही. आम्ही मराठी माणसे येथे बसून नागपूरच्या भरभराटीच्या वार्ता अभिमानाने वाचतो, आणि त्याच वार्तेची दुसरी बाजू आमच्या दारासमोर शटर ओढून उभी असते. हे लक्षात आणून देणे फारसे सुखाचे नाही, परंतु ज्या गावचे मीठ खातो त्या गावाच्या बाजूने एकदा तरी हिशेब मांडून पाहावा.

आता वखारीच्या दाराशी येऊ. वखारीचे आपले असे नोकर थोडे: एक व्यवस्थापक, दोन कारकून, एक पहारेकरी. त्यांची नावे पटावर असतात. पटाबाहेरची माणसे पाहू लागलो म्हणजे मात्र यादी लांबते. माल उतरवणारे हमाल; पोती झाडणाऱ्या, फुटका माल निवडणाऱ्या बाया; गल्लीबोळांतून दुकानांना माल पोचवणारे ठेलेवाले आणि छोट्या टेम्पोंचे मालक; रिकामी खोकी व बारदान विकत घेणारा; ताडपत्री शिवून देणारा; चहावाला; आणि ह्या सर्वांना महिनाभर उधार देणारा किराणा दुकानदार.

ह्या शेवटच्या माणसाकडे अर्थशास्त्राच्या पुस्तकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. हमालाची मजुरी रोजची. पाऊस लागला, ट्रक आला नाही, ताप आला की ती तुटते. तुटलेले दिवस जोडले जातात ते किराणावाल्याच्या वहीने. आणि ही वही हमालाच्या भरवशावर चालत नाही, वखारीच्या भरवशावर चालते. ‘अमक्या वखारीवर काम करतो’ एवढे वाक्य हीच त्याची पत. वखार बंद होणार अशी नुसती कुणकुण लागली की वहीचे पान मिटते. मिळकत बुडते नंतर. पत बुडते आधी. त्याच्या मागोमाग शाळेची फी, खोलीचे भाडे, डॉक्टरची उधारी. कंपनीच्या दृष्टीने वखार ३१ तारखेस बंद होते. कॅम्पातल्या घरांत ती दोन महिने आधीच बंद झालेली असते.

एरवी असा धक्का पोलाद कारखान्याच्या पगाराने सावरला असता. भिलाईत महिन्याच्या ठरल्या दिवशी जो पैसा गावात येई त्यावर बाजार उभा होता. पण कारखान्यातली कायमची माणसे वर्षानुवर्षे कमी होत आली आहेत व कंत्राटावरची वाढत आली आहेत. मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी ह्यांनी अनेक वर्षे येथे येऊन-जाऊन अभ्यास केला व २०२० साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. भिलाईचे श्रमिक ‘नोकरी’ आणि ‘काम’ ह्या दोन शब्दांनी दोन वर्गांत विभागले गेले आहेत, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा. नोकरी म्हणजे पट, निवृत्तिवेतन, रुग्णालय, वसाहतीतले घर. काम म्हणजे आज मिळाले तर मिळाले. कॅम्प-१ ला ही विभागणी समजून घ्यायला ग्रंथाची गरज नव्हती. १ जुलै १९९२ रोजी जवळच्याच पॉवर हाउस स्टेशनात, कामावर परत घ्या व न्याय्य वेतन द्या म्हणून रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार होऊन सोळा कामगार मेले, ते ‘नोकरी’वाले नव्हते. तारीख तीच १ जुलै. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही काढावयाचे नाही.

मूळ प्रश्नाकडे वळू. आमचे एक स्नेही कर खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांच्यापुढे हा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, ‘वखार म्हणजे अन्नछत्र नव्हे. कराच्या वेडगळपणाने जन्मली, वेडगळपणा गेला, तीही गेली. तुमच्या न्यायाने बाघनदीचा नाकासुद्धा उठवायला नको होता.’

दाखला बिनतोड आहे. नागपूरहून भिलाईस मोटारीने आलेल्या प्रत्येकाला बाघनदीच्या सीमेवरच्या ट्रकांच्या रांगा आठवत असतील. त्या रांगांच्या कडेने ढाबे होते, टायरवाले होते, पानपट्ट्या होत्या. २०१७ च्या जुलैत बहुतेक राज्यांनी करांचे सीमानाके उठवले. रांगा विरळ झाल्या, ढाब्यांचा धंदा बसला. ढाबे जगावेत म्हणून ट्रक अडवून ठेवा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. नुकसान झाले म्हणजे ऋण झाले असा सिद्धांत मांडला, तर जगात कोणतीही सुधारणा करता येणार नाही. कंदील विकणाऱ्यासाठी वीज थांबवावी लागेल.

मग नाका आणि वखार ह्यांत फरक कोठे आहे? आम्हांस तो असा दिसतो. नाक्याने ढाबेवाल्याला थांबवून ठेवले नव्हते. थांबवले होते ते ट्रकवाल्याला. नाक्याचे काम ढाब्यावाचून अडत नव्हते. वखारीचे काम मात्र हमालावाचून अडते, आणि त्याच्या अंगमेहनतीइतकेच त्याच्या वाट पाहण्यावाचूनही अडते. ट्रक केव्हा येईल ते कोणास ठाऊक नसते. सकाळी सातला येतो, दुपारी तीनला येतो, रात्री येतो, कधी येतही नाही. आला की तासाभरात दहा माणसे हवीत. ही दहा माणसे सकाळपासून दाराशी बसलेली असतात, आणि त्या बसण्याचे त्यांना काही मिळत नाही; मिळते ते नगामागे किंवा पोत्यामागे. तेव्हा वखारीत दोन साठे असतात. एक मालाचा, भिंतींच्या आत. त्यासाठी चौरस फुटाने भाडे पडते, विमा पडतो, उंदरांचा बंदोबस्त करावा लागतो. दुसरा माणसांचा, भिंतीच्या बाहेर, लिंबाच्या सावलीत. त्याला भाडे पडत नाही. कंपनीने पंधरा वर्षे हा दुसरा साठा फुकट वापरला. त्याचे देणे वखार बंद झाल्याने निर्माण होत नाही. ते रोज निर्माण होत होते. बंद झाल्यावर ते उघडे पडते, इतकेच.

येथे आमच्या परंपरेतला एक भेद उपयोगी पडतो. दोष वेगळा आणि ऋण वेगळे. इंग्रजी अमदानीपासून आपल्या कचेऱ्यांना दोषाची भाषा येते: चूक कोणाची, जबाबदार कोण, भरपाई कोणाकडून. दोषी सापडला नाही की प्रकरण दप्तरदाखल. वखारीच्या बाबतीत दोषी सापडतच नाही. संसदेने कर सुधारला, योग्य केले. कंपनीने खर्च वाचवला, तिचा तो धर्मच. घरमालकाने दुसरा भाडेकरू पाहिला. पण ऋणाला दोष लागत नाही. शतपथ ब्राह्मणात मनुष्य जन्मतःच देव, ऋषी, पितर आणि मनुष्ये ह्यांचा ऋणी असतो असे सांगितले आहे. त्यात त्याने काय अपराध केलेला असतो? घेतले आहे म्हणून देणे आहे, एवढेच त्याचे तर्कशास्त्र. तीन ऋणे सर्वांच्या तोंडी असतात. चौथे, मनुष्यांचे, सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही.

कायदा ह्या बाबतीत कोठवर आला आहे? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात पुढे अशी तरतूद झाली की शंभर किंवा अधिक कामगारांचा उद्योग बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी. २०२० च्या संहितेने ती मर्यादा तीनशेवर नेली. पण ही तरतूद कारखाना, खाण आणि मळा ह्यांपुरती. वखार ह्या तिहींत नाही. आणि असती तरी शंभराचा किंवा तीनशेचा आकडा पटावरून मोजला जातो. लिंबाखाली बसलेल्यांचा पट नसतो.

ह्यावर महाराष्ट्राने १९६९ मध्ये एक उपाय शोधला, आणि तो भारतात मराठी मुलखाने दिलेल्या मोठ्या देणग्यांपैकी एक आहे असे आम्ही मानतो. माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा तो कायदा. त्यामागे मुंबईत अण्णासाहेब पाटील ह्यांची चळवळ होती, आणि पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभारून त्याच प्रश्नाला हात घातला होता. कायद्यातली युक्ती साधी होती. हमाल कोणत्या मालकाचा हा वाद घालत बसू नका. तो आज ह्याचे पोते उचलतो, उद्या त्याचे. मालक, कामगार आणि सरकार ह्यांचे एक मंडळ करा. हमालांची नोंदणी त्या मंडळात, मालकांचीही त्याच मंडळात. मजुरी मंडळातून द्यावी, आणि प्रत्येक मजुरीवर मालकाने ठरावीक टक्के लेव्ही भरावी. तीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा, औषधपाणी. म्हणजे देणे चुकते कधी? पोते उचलले त्याच महिन्यात. वखार बंद होईल तेव्हा कोणाचे दार ठोठवायचे हा प्रश्न त्यामुळे पुष्कळसा उरतच नाही. मुंबईचा धान्याचा व मसाल्याचा घाऊक बाजार १९९१ मध्ये मशीद बंदराच्या जुन्या वखारींतून उठून वाशीला गेला. व्यापारी कुरकुरले, ग्राहक कुरकुरले. नोंदलेला माथाडी मात्र आपले मंडळ बरोबर घेऊन खाडीपलीकडे गेला, आणि कोपरखैरणे-घणसोलीत माथाड्यांची घरे उभी राहिली.

त्या कायद्याच्या नावावर पुढे टोळ्या उठल्या, काम न करता पैसे मागू लागल्या, ही तक्रार खोटी नाही. उद्योजक ती चढ्या सुरात करतात व तीत तथ्यही आहे. पण विहिरीत कोणी घाण टाकली म्हणून पाण्याची गरज खोटी ठरत नाही. आणि पोलादाच्या गावी राहून एक विसंगती डोळ्यांआड कशी करावी? मुंबईच्या लोखंडबाजाराला माथाडी मंडळ आहे. भिलाईची पट्टी किंवा सळई कळंबोलीच्या बाजारात उतरली की तिला हात लावणाऱ्या माणसाच्या नावे निधी जमा होऊ शकतो. तीच पट्टी जेथे घडली तेथल्या कॅम्पातल्या हमालाला महाराष्ट्राचा तो कायदा लागत नाही. लोखंड तेच, पाठही तशीच. मध्ये फक्त बाघनदी.

आम्हांस ह्या संदर्भात मंगळवेढ्याचे दामाजीपंत राहून राहून आठवतात. बेदरच्या बादशहाचे ते अधिकारी, म्हणजे आमच्या वाचकांच्याच ज्ञातीतले. पंधराव्या शतकातल्या त्या दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी लुटवली अशी कथा. आपण ती दयेची कथा म्हणून मुलांना सांगतो. पण कथेचा शेवट दयेने होत नाही, हिशेबाने होतो. विठोबा महाराचे रूप घेऊन दरबारात जातो, धान्याची किंमत मोहरांनी मोजून देतो, वर पावतीही घेतो. भक्तिसंप्रदायाच्या कल्पनेलासुद्धा तसलमातीतली तूट तशीच ठेवावीशी वाटली नाही! कोणी तरी भरले पाहिजे, हे तिला पटलेले होते. आज वखार बंद होते तेव्हाही तूट येते आणि कोणी तरी ती भरतेच: हमालाची बायको चार घरची भांडी घेऊन भरते, किराणावाला वहीतले पान फाडून भरतो, पोरगा दहावी सोडून भरतो. त्यांना पावती मिळत नाही.

स्नेह्यांनी शेवटची शंका काढली ती चहावाल्याची. हमालाचे ऋण मानले तर चहावाल्याचे का नाही, ठेलेवाल्याचे का नाही, आणि मग हे वर्तुळ थांबणार कोठे? आम्ही चहावाल्याला ह्या वर्तुळाबाहेर ठेवतो, जरा जड मनाने. तो गिऱ्हाइकाची वाट पाहतो, वखारीची नव्हे. उद्या त्या जागी मंगल कार्यालय आले तर त्याची किटली तेथेही चालेल. त्याला जागा देणे, उठवणे, न उठवणे हे नगरपालिकेशी त्याचे प्रकरण आहे. ठेलेवाल्याचे मात्र तसे नाही. ज्याला वखारीने ‘उद्या सकाळी सातला ये’ म्हणून सांगितले, तो आत. सांगण्याचा पुरावा कोठून आणायचा, असे विचाराल तर वखारीच्या फाटकावरच्या वहीतून. ट्रकचा क्रमांक जेथे लिहितात तेथेच उतरवणाऱ्यांची संख्याही पुष्कळ ठिकाणी लिहिलेली असते, फक्त नावे नसतात.

सरकारी महामंडळे व उपक्रम वखारी भाड्याने घेतात व हाताळणीची कंत्राटे देतात, तेव्हा निविदेच्या नमुन्यात भाडे, विमा, पहारा, घट आणि हाताळणी असे खर्च मांडलेले असतात. हाताळणीच्या खाली आणखी एका ओळीस जागा करता येईल: प्रत्येक मजुरीमागे अमुक टक्के, हमालाच्या नावे, दरमहा जमा. फाटकावरच्या वहीत तीन-चार अक्षरांचे एकेक नाव वाढेल. ह्याला नवा कायदा लागत नाही, विधानसभेची बैठक लागत नाही. कंत्राटाच्या अटी ठरवणाऱ्या कचेरीचा ठराव पुरतो. नव्या वर्षाच्या निविदा बहुतेक ठिकाणी मार्चच्या आगेमागे निघतात, आणि त्यांचे मसुदे त्याआधी जी टेबले पाहतात त्यांतली काही टेबले आमच्या वाचकांची आहेत.